चुलीला तोंड पाहिजे

आमच्या माळ्यावर गॅसचे सहा कॅन आहेत आणि सहाच्या सहा अर्धवट. ट्रेकला नेतात ते, २३० ग्रॅमवाले. प्रत्येक ट्रेकच्या आदल्या रात्री मी एकेक कॅन कानाशी धरून हलवते, नवरा म्हणतो असं नाही कळत, पाण्यात तरंगवून बघायचं असतं, मग बादलीत कॅन बदकांसारखे सोडून आम्ही दोघं बाथरूममध्ये उकिडवे बसतो, कुठला किती बुडतोय यावर वाद घालतो आणि शेवटी "नको बाबा, वरती संपला तर?" म्हणून नवा घेऊन जातो. तोही अर्धवट परत येतो.

तर या बदकांना कंटाळून ठरवलं की आता लाकडावर चालणारा छोटा स्टोव्ह घ्यायचा. काटक्या काय, फुकट.

मग तीन रात्री व्हिडिओ बघण्यात गेल्या. एक बायोलाइट कंपनीचा होता, त्यात जाळाच्या उष्णतेवर थोडी वीज तयार होते, त्यावर पंखा फिरतो आणि फोनही चार्ज होतो. ऐकायला भारी, पण वजन ९३५ ग्रॅम. त्यापेक्षा पॉवर बँक नेली तर उरलेल्या वजनात कांदे-बटाटे येतात. दुसरी 'केली केटल' नावाची किटली, आयर्लंडची, मधे धुराडं, धुराड्यात जाळ आणि भोवती पाणी. आई मागून चष्मा सावरत बघत होती, म्हणाली, "अगं हा तर बंब!" खरंच बंब. साताऱ्याच्या घरी न्हाणीत पाणी तापवायला तांब्याचा होता तसाच, फक्त याला कान आणि चोच लावलीये. पण बंबात खिचडी होत नाही, त्यामुळे तो बाद.

मग मला आवडला तो दुहेरी भिंतीचा गोल डबा. स्टील, चकचकीत, साधारण पाव किलो, पातेल्याच्या पोटात बसणारा. त्याची गंमत अशी की खालच्या भोकांतून हवा आत जाते, थोडी थेट लाकडाला मिळते आणि थोडी दोन भिंतींमधून तापत तापत वर चढते आणि काठाजवळच्या भोकांतून बाहेर पडते, तिथे धूर पेटतो. म्हणजे जो धूर आपल्या डोळ्यात जायचा तोच जळतो. मी अडीच हजार मोजले. "चुलीला?" एवढंच आई म्हणाली, पण म्हणाली अशी की.

पहिली ट्रायल बाल्कनीत. करवंटीचे तुकडे भरले, वरून पेटवलं आणि पाच मिनिटांत काठाच्या भोकांतून गॅसच्या बर्नरसारख्या बारीक ज्वाळांचं कडं उमटलं, धूर नाही काही नाही, मी नवऱ्याला हाका मारून बोलावलं, तो येईपर्यंत करवंट्या खाली बसल्या, मी वरून ओंजळभर काटक्या टाकल्या आणि असा धूर सुटला की इंटरकॉमवर वॉचमन. "मॅडम, सगळं ठीक ना?"

इथे एक सांगते, कारण मलाही ते उशिरा सुचलं. गडावर हा स्टोव्ह काढायचाच नाही. हरिश्चंद्रगड, रतनगड अभयारण्यात येतात आणि अभयारण्याला धोका होईल अशी आग लावायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत गुडघाभर वाळलेलं गवत असतं, एक ठिणगी उडाली की वणवा. म्हणजे माझ्या फुकट काटक्यांची जागा गडावरून थेट पायथ्याच्या गावातल्या कुणाच्यातरी खळ्यात आली, तेही विचारून, सपाट दगडावर, शेजारी पाण्याची बाटली.

तसंच केलं. भातकापणी होऊन गेलेली, खळं सारवलेलं, घरातल्या मावशी भाकऱ्या थापता थापता आमच्याकडे बघतायत. चार जणांचा चहा ठेवला. आणि तिथे डब्याचं खरं दुखणं कळलं. त्याला तोंडच नाही. म्हणजे वरच्या कड्याला एक खाच आहे, तिच्यातून बोटाएवढ्या काटक्या एकेक करून सरकवायच्या, दर मिनिटाला, तेही पातेल्याखालून हात भाजत. जास्त घातल्या तर धूर, कमी घातल्या तर विझतो. पातेलं उचलून भरायला गेले तर निम्मा चहा खळ्यात. मावशी हसत म्हणाल्या, "भातुकलीची हाय व्हय?" आणि त्यांच्या चुलीत हातभर लांबीचं लाकूड नुसतं पायाने पुढे सारलं. भाकरी उलटायला हात मोकळे.

ते पायाने सारणं माझ्या डोक्यातून जाईना. घरी येऊन परत व्हिडिओ बघायला लागले, पण आता मी वजन, धातू, रिव्ह्यू काही बघत नव्हते, फक्त तोंड. शेवटी घडीचा घेतला, पत्र्याच्या चार भिंती आणि एक तळ, एकमेकांत अडकवायच्या, समोरच्या भिंतीला चौकोनी भोक. धूर जास्त करतो, पातेलं काळंकुट्ट होतं, त्यामुळे बुडाला आधी बाहेरून मातीचा लेप द्यायचा म्हणजे घासायला सोपं जातं. पण वीतभर काटकी निम्मी आत, निम्मी बाहेर, जळेल तशी ढकलायची. मोठा जाळ हवा, आत सार. मंद हवा, ओढ बाहेर. रेग्युलेटरच की हा. काटकीही कुठली घ्यायची ते आता कळतं, जमिनीवर पडलेली आतून ओली असते, झुडपात अडकून वाळलेली कट्टकन मोडते. वाळकी कारवी मात्र भस्सकन जाते, चहा उकळायच्या आत संपते.

अडीच हजारांचा डबा वाया गेला असं नवरा म्हणतो. पण परवा संध्याकाळी घरभर धुपाचा वास आला म्हणून बघितलं तर आईने त्यात चार निखारे घातलेले, वर धूप टाकलेला आणि डबा चिमट्यात धरून ती पडद्यामागे, पलंगाखाली फिरवतेय. "भिंत दुहेरी आहे ना," म्हणाली, "पण पोळतोच मेला."