दाखल्यांचा हंगाम आणि एक न दिसणारे अक्षर

आमच्या ॲप्लिकेशनचे वर्ष बारावीच्या निकालाने सुरू होते. निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर आणि वय-अधिवास यांच्या अर्जांची रांग लागते, ती प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत ओसरत नाही. महसुली दाखले देणाऱ्या एका शासकीय प्रणालीवर मी गेली सहा वर्षे ॲप्लिकेशन ऑपरेशन्स इंजिनिअर म्हणून काम करते. नेमणूक कंत्राटदार कंपनीची, बसण्याची जागा सरकारी इमारतीत आणि ओळखपत्रे दोन, अशी ही नोकरी आहे. प्रणाली लिहिण्याचे काम दुसऱ्यांचे. ती रोज चालू राहावी, अडली तर कोठे अडली ते शोधावे आणि दुरुस्ती रीतसर मंजुरी घेऊन वर चढवावी, हे काम माझे. घरी अजूनही ‘कॉम्प्युटरवर असते’ एवढेच सांगतात, आणि ते चुकीचेही नाही.

खासगी क्षेत्रातील माझ्या मित्रमंडळींना या कामातला एक फरक समजावून सांगणे अवघड जाते. त्यांचे संकेतस्थळ तासभर बंद पडले तर ग्राहक दुसरीकडे जातो. आमच्याकडे येणाऱ्याला दुसरीकडे जाण्याची सोयच नसते. तो महा ई-सेवा केंद्राच्या बाकावर बसून राहतो, किंवा त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेला असल्यामुळे घरी जातो आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा येतो. शिवाय २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानुसार प्रत्येक अधिसूचित सेवेला ठरावीक मुदत आहे, आणि पुरेशा कारणाविना ती न पाळणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते. आमचा डेटाबेस दोन दिवस कण्हत असला, तरी मुदतीचे दिवस मोजले जातच राहतात. त्यामुळे तहसील कार्यालयातून येणाऱ्या फोनचा सूर चढलेला असेल, तर मला त्याचा राग येत नाही.

कंत्राटात मात्र हे काहीच दिसत नाही. प्रणाली प्रत्येक तिमाहीत ९९.५ टक्के वेळ उपलब्ध असावी, असे आमच्या करारात आहे. नव्वद दिवसांच्या हिशेबाने जवळजवळ अकरा तासांची सूट मिळते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री प्रणाली नऊ तास बंद राहिली तर एकही तक्रार येणार नाही आणि करारातील बहुतेक सूट मात्र संपून जाईल. उलट अर्जाच्या शेवटच्या तारखेला दुपारी चाळीस मिनिटे बंद पडली, तर कागदावर सर्व काही आलबेल दिसेल आणि शेकडो मुलांचे अर्ज अडकतील. मी या कलमाबद्दल बैठकीत दोनदा बोलले. दोन्ही वेळा इतिवृत्तात ‘नोंद घेतली’ असे आले.

हंगामाच्या तोंडावर आणखी एक अडचण असते. सरकारी अधिकाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात, म्हणजे नेमक्या गर्दीच्या आधी. नवीन तहसीलदार रुजू झाले की त्यांची डिजिटल स्वाक्षरी प्रणालीत नोंदवावी लागते, जुन्या अधिकाऱ्यांचे अधिकार काढून घ्यावे लागतात आणि त्यांच्या खात्यात अडकलेले अर्ज नव्या खात्याकडे वळवावे लागतात. कार्यालयांत या स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनला सगळे ‘डोंगल’ म्हणतात. जूनमधील निम्म्याहून अधिक तक्रारी (आमच्या भाषेत ‘तिकिटे’) डोंगलच्या असतात: कधी त्याची मुदत संपलेली असते, कधी ते जुन्या कार्यालयाच्या ड्रॉवरमध्ये राहिलेले असते.

परंतु मला सविस्तर सांगायचे आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्याबद्दल. कोणतीही शासकीय प्रणाली सर्व्हरवर चढवण्यापूर्वी तिचे सुरक्षा परीक्षण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून करून घ्यावे लागते आणि त्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. त्या वर्षीच्या अहवालात एक शेरा होता: अर्जाच्या रकान्यांमधून अदृश्य व नियंत्रण-चिन्हे स्वीकारली जाऊ नयेत. शेरा योग्यच होता, कारण अशा चिन्हांच्या आडून पुष्कळ उपद्व्याप करता येतात. विकासकांनी एक गाळणी लिहिली, चाचणीत ती उत्तीर्ण झाली, बदलाच्या विनंतीवर सह्या झाल्या आणि एका शनिवारी रात्री मीच ती वर चढवली.

चार दिवसांनी एका केंद्रचालकाचा फोन आला. ‘मॅडम, कुऱ्हाडे आडनाव टाकलं की दाखल्यावर कुर्हाडे छापून येतंय. शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही म्हणून साहेब परत पाठवतायत.’ मी त्यांना आडनाव पुन्हा टाइप करायला सांगितले. त्यांच्या पडद्यावर ते बरोबर उमटले, अर्ज दाखल झाला आणि प्रमाणपत्रावर पुन्हा रफार डोक्यावर जाऊन बसला.

मराठी वाचकाला दर्या आणि दऱ्या यांतला भेद वेगळा सांगायला नको. एक समुद्र आहे आणि दुसऱ्या सह्याद्रीत आहेत. हा अर्धा र संगणकात मात्र एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो. युनिकोड या संगणकावरील अक्षरांच्या सार्वत्रिक संकेतप्रणालीत त्यासाठी ऱ हे वेगळे अक्षर आहे, आणि त्याला हलंत जोडून ऱ्ह किंवा ऱ्य तयार होते. र, त्याखाली नुक्ता आणि मग हलंत असाही तो येऊ शकतो. तिसऱ्या प्रकारात साधा र, हलंत आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक असतो. हा जोडक पडद्यावर दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त र चा रफार होऊ न देता त्याला आपल्या जागी धरून ठेवतो. तिन्ही प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात. त्या केंद्रचालकाच्या कीबोर्डमधून तिसरा प्रकार येत होता, आमची गाळणी त्यातला जोडक अदृश्य चिन्ह म्हणून इमानेइतबारे काढून टाकत होती, आणि उरलेल्या र् व ह यांचा नियमाप्रमाणे र्ह होत होता. लॉगमध्ये, म्हणजे प्रणाली आपोआप ठेवते त्या नोंदींत, एकही त्रुटी नव्हती. यंत्राच्या दृष्टीने सर्व काही व्यवस्थित चालले होते.

गाळणीत अपवाद घालणे हे अर्ध्या तासाचे काम होते. ते वर चढण्यास नऊ दिवस लागले. सुरक्षा शेऱ्यामुळे आलेला बदल सैल करायचा, तर तो लेखापरीक्षकाला पुन्हा दाखवावा लागतो, विभागात टिप्पणी फिरते, आणि टिप्पणीत ‘शून्य रुंदीचा जोडक’ म्हणजे काय हे अशा अधिकाऱ्यांना समजावे लागते ज्यांच्यासमोर त्याच दिवशी पीक नुकसानीचे पंचनामेही असतात. मी टिप्पणीसोबत एक पान जोडले. त्यावर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द छापले होते, आचार्यास आणि आचाऱ्यास. अवर सचिवांनी ते पाहून विचारले, ‘म्हणजे आपण गुरुजींना स्वयंपाकघरात पाठवलं?’ आणि सही केली. या प्रक्रियेला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, मीही ठेवते. तथापि ज्या दाखल्यावर एखाद्याचा प्रवेश अवलंबून आहे, त्याची प्रणाली कोणा एकाला मध्यरात्री मनाला येईल तशी बदलता येऊ नये, हेही मला पटते. नऊ दिवस मात्र फार झाले.

त्या नऊ दिवसांत आम्ही केंद्रांना ऱ ची पहिली पद्धत वापरायला शिकवले आणि मधल्या काळात निघालेले सदोष दाखले शोधत बसलो. शोधणे हेच अधिक किचकट ठरले. डिजिटल स्वाक्षरी झालेल्या दाखल्यातले एक अक्षरही नंतर बदलता येत नाही; बदलले तर स्वाक्षरी अवैध होते. म्हणून प्रत्येक सदोष दाखला रद्द करून नव्याने, विनाशुल्क द्यावा लागला. अर्ज नेमका गाळणीच्या आधी आला की नंतर, हे ठरवण्यासाठी सर्व सर्व्हरांच्या घड्याळांवर विश्वास असणे आवश्यक होते. येथे सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आमच्या उपयोगी पडले: लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवलेली ठेवायची. हे निर्देश आले तेव्हा मी साठवणुकीच्या खर्चावरून कुरकुर केली होती.

याच शोधात दुसरीही अडगळ बाहेर आली. युनिकोडपूर्वीच्या जुन्या डीव्हीबीटीटी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या नोंदींत ‘ख’ च्या जागी ‘रव’ होते, विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची इंग्रजी खूण होती, आणि काही गट क्रमांक देवनागरी अंकांत तर काही इंग्रजी अंकांत होते. माणूस वाचतो तेव्हा हे सगळे सहज पचते. शोधयंत्र ‘नोंद आढळली नाही’ असे सांगून मोकळे होते, आणि बाकावरच्या माणसाला आपली नोंदच नाही असे वाटते. मूळ नोंदींना हात न लावता आम्ही शोधापुरता एक वेगळा रकाना तयार केला, ज्यात ही सर्व रूपे एकाच साच्यात आणली जातात. अर्जदाराला दिसते ते मूळ नाव, जुळवले जाते ते साच्यातले.

आता दरवर्षी मे महिन्यात, बदल्यांचे आदेश निघायच्या आधी, चाचणीसाठी आडनावांची एक यादी चालवतो: कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, वऱ्हाडे, तऱ्हाळकर, प्रत्येक तीन प्रकारे टाइप केलेले. यादी अर्थातच त्या केंद्रचालकाच्या मदतीने वाढली आहे. गेल्या महिन्यात त्याने ‘ॲड.’ ने सुरू होणारे एक नाव पाठवले, कारण ॲ हे एकच अक्षरही असते आणि अ वर चंद्र देऊनही लिहिता येते. तपासले. आमच्या साच्यात ते नव्हते. बदलाची विनंती टाकली आहे, आणि टिप्पणी सध्या दुसऱ्या मजल्यावर आहे.