गुण नसलेला तास

इंदूर, १८ ऑगस्ट

जपानमधल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी असल्याने मी सध्या रामबागेतल्या घरी आहे, आणि जपानमधल्या सरकारी शाळेत मी इंग्रजी शिकवते म्हणजे नेमके काय करते, हे बाबांना रोज थोडे थोडे सांगते आहे. त्यांची उभी हयात मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवण्यात गेली, त्यामुळे एका वर्गात दोन शिक्षक कशासाठी, हे त्यांना सहजी पटत नाही. १९८७ पासून चालू असलेल्या ‘जेट’ योजनेतून माझ्यासारखे परदेशी साहाय्यक शिक्षक तिथे नेमले जातात. वर्ग, पाठाची आखणी आणि गुण जपानी शिक्षकांच्या हाती असतात; मी त्यांच्या जोडीने उभी राहून उच्चार आणि संभाषण यांचा सराव करून घेते.

२०२० पासून प्राथमिक शाळेच्या पाचवी-सहावीत इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि त्याला वर्षाला ७० तासिका मिळाल्या. एक तासिका ४५ मिनिटांची. वेळ थोडाच आहे, पण खरी अडचण निराळी आहे. मी प्रश्न विचारला की मूल आधी शेजाऱ्याकडे पाहते, मागच्या मैत्रिणीशी कुजबुजते, उत्तर बिनचूक असल्याची खात्री करून घेते आणि मगच, तेही अगदी हळू, बोलते. बाबांच्या वर्गात साठेक मुले एका सुरात धडा म्हणत. तिथे आवाजाला तोटा नव्हता, मात्र एकट्याने उभे राहून स्वतःचे वाक्य बोलण्याची पाळी त्या मुलांवरही क्वचितच येई, हे बाबांनीच सांगितले.

माझी हीच मुले दुपारच्या जेवणाला पार बदलतात. पांढरे अ‍ॅप्रन आणि टोप्या घातलेली, ज्यांची पाळी असेल ती मुले वर्गातच सगळ्यांना वाढतात आणि शिक्षकही त्यांच्यात बसून जेवतात. मी शाकाहारी असल्यामुळे महिन्याच्या छापील तक्त्यात कोणत्या पदार्थात काय आहे ते पाहून बहुतेक दिवस घरचा डबा नेते. डब्यात बटाट्याची पिवळी भाजी दिसली की तासाला तोंड न उघडणारा पाचवीतला एक मुलगा खुर्ची ओढून जवळ येतो आणि ‘स्पायसी?’ असे विचारतो. ‘अ लिटल’ म्हटले की त्याचा पुढचा प्रश्न तयारच असतो. त्या वेळी कोणी गुण मांडत नसते, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

पुढे माध्यमिकच्या शेवटच्या वर्षी वरच्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेचे दडपण येते, तेव्हा बोलण्याच्या सरावालाच आधी कात्री लागते. टोकियोने २०२२ पासून इंग्रजी बोलण्याचीही परीक्षा सुरू केली. त्यामुळे बोलण्याला मान मिळेल, हे चांगलेच आहे. पण जिथे तिथे गुण आले की चुकण्याची धास्तीही वाढते, आणि लहान वर्गांना तरी तिच्यापासून दूर ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

सप्टेंबरात पाचवीला खाद्यपदार्थ मागवण्याचा पाठ घ्यायचा आहे. त्यासाठी मी इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाद्यबाजाराची छायाचित्रे आणि भावफलक नेणार आहे, आणि त्या तासाला गुण देऊ नयेत, अशी विनंती माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाईंना करणार आहे. बाबांनी पदार्थांची यादीही करायला घेतली: भुट्ट्याचा कीस, मालपुवा, साबुदाण्याची खिचडी. गराडू, म्हणजे तळलेला कंद, फक्त थंडीतच मिळते, तरी ते यादीत हवेच, असा त्यांचा आग्रह आहे आणि तो मी मान्य केला आहे.