धुतोयस की पुसतोयस?

आमची गाडी उभी असते तिथे नळ नाहीये. सगळ्यात जवळचा नळ म्हणजे तीन मजले वर, आमच्याच बाथरूममधला. सुरुवातीला उत्साहात बादल्या घेऊन लिफ्टने खाली-वर करायचो, अर्धं पाणी लिफ्टमध्येच सांडायचं, तिसऱ्या बादलीला जीव जायचा आणि तोवर टपावरचा शाम्पू वाळून पांढरा पडलेला असायचा. मग ते सोडलं आणि रोज सकाळी कोरडं फडकं मारायला लागलो. दोन मिनिटांत गाडी चकाचक, मी स्वतःवर खूश.

मग एकदा संध्याकाळी तिरप्या उन्हात बॉनेट बघितलं आणि पोटात गोळाच आला. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक चरे, सूर्याचं प्रतिबिंब पडलंय त्याच्याभोवती गोल गोल. (ते खरं तर गोल नसतात, चरे सगळ्या दिशांना असतात पण प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात म्हणून गोल दिसतं. हे कळल्यावर काही बरं वाटलं नाही, कारण म्हणजे चरे दिसतायत त्याच्यापेक्षा जास्तच आहेत.)

हे मीच केलेलं, माझ्या हाताने, रोज सकाळी. रंगावर जो पारदर्शक थर असतो ना, क्लिअर कोट, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. आणि धुळीत वाळूचे कण असतात, ते त्या थरापेक्षा कितीतरी कडक. कोरडं फडकं फिरवायचं म्हणजे हलक्या हाताने पॉलिशपेपर मारण्यातलाच प्रकार.

तर पाइप नाही, बादल्या वाहायची ताकद नाही, कोरडं पुसायचं नाही. मग करायचं काय? यावर उपाय निघाला तो रिन्सलेस वॉश. म्हणजे एका बादलीत थोडंसं लिक्विड घालायचं, त्या पाण्याने गाडी पुसायची, कोरडी करायची, संपलं. वरून पाणी मारून धुवायचंच नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं ही आळशी लोकांची आयडिया आहे, साबणाचं पाणी गाडीवर तसंच कसं सोडायचं?

तिथेच तर गंमत आहे, ते साबणाचं पाणी नसतंच. नेहमीचा कार शाम्पू फेस करतो आणि मागे थर ठेवतो, म्हणून तो धुवून काढावा लागतो. रिन्सलेसच्या लिक्विडमध्ये फेस जवळजवळ नसतोच. त्यात पॉलिमर आणि मळ सोडवणारे घटक असतात, ते धुळीच्या कणांना चिकटतात, कण आणि रंग यांच्यामध्ये बुळबुळीत थर तयार होतो आणि कण रंगावर घासत न जाता फडक्यात उचलला जातो. पाण्यात ते इतकं थोडं असतं की मागे राहिलं तरी कोरडं पुसलं की झालं. या प्रकारातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे ऑप्टिमम नो रिन्स, लोक नुसतं ओएनआर म्हणतात. त्याचं नेहमीचं प्रमाण 1 ला 256, म्हणजे साडेसात-आठ लिटर पाण्याला फक्त 30 मिली. दुसरं कुठलं घेतलं तर त्याच्या बाटलीवरचं प्रमाण बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं.

आणि इथे माझा पहिला पोपट झाला. फेस दिसेना म्हणून मला वाटलं कमी पडलं असणार, अजून दोन झाकणं ओतली. आपल्या डोक्यात फेस म्हणजे स्वच्छता हे इतकं पक्कं बसलंय ना! परिणाम असा की काचेवर आणि काळ्या बंपरवर तेलकट पट्टे, पुसले की इकडून तिकडे सरकतायत नुसते. जास्त घातलं की जास्त स्वच्छ होत नाही, जास्त चिकट होतं. आता मापाचं झाकण बादलीतच ठेवतो, हात शिवशिवला तरी त्याच्या पलीकडे जात नाही.

दुसरी चूक जास्त वाईट होती. एक बादली, एक फडकं. पुसायचं, बादलीत पिळायचं, परत पुसायचं. म्हणजे टपावरून काढलेली वाळू बादलीत आणि बादलीतून परत दरवाजावर! आता दहा मायक्रोफायबर फडकी घेतो आणि सगळी एकदमच बादलीत बुडवून ठेवतो. एक काढायचं, हलकं पिळायचं (पाणी टपटपलं नाही पाहिजे पण ओलं चिंब हवं), दोनदा घडी घालून चौघडी करायची म्हणजे दोन्ही बाजू धरून आठ स्वच्छ भाग मिळतात. एक भाग वापरला की उलटायचा. आठही झाले की ते फडकं बाजूच्या पिशवीत. बादलीत परत जाणार नाही म्हणजे नाही, हा एकच नियम मी कडक पाळतो, बाकीचे मूडप्रमाणे. या पद्धतीत बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझाच विश्वास बसेना.

त्याआधी एक काम असतं जे लोक टाळतात. तेच पाणी स्प्रे बाटलीत भरून ज्या भागावर काम करणार तिथे आधी भरपूर मारायचं आणि मिनिटभर थांबायचं. धूळ भिजू दे, सुटू दे. पक्ष्याची घाण वाळलेली असेल तर त्यावर ओला टिश्यू ठेवून पाच-दहा मिनिटं दुसरीकडे जायचं, नखाने खरवडायचं नाही. मग फडकं सरळ रेषेत, एका दिशेला, दाब न देता. दाब दिला की सगळंच मुसळ केरात. वरून खाली यायचं: टप, काचा, बॉनेट, दरवाजांचा वरचा भाग, आणि खालची पट्टी नि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण वाळू तिथेच असते. चाकांची फडकी पूर्ण वेगळी, ब्रेकची पूड लागलेलं फडकं मी रंगाजवळ फिरकूही देत नाही.

एकेक भाग पुसला की लगेच कोरडा करायचा, पूर्ण गाडी ओली ठेवून मग मागे यायचं नाही. सावलीत आणि पत्रा गार असतानाच करा, नाहीतर पाणी पुसायच्या आधीच वाळतं आणि क्षार मागे राहून डाग पडतात. फडकी धुताना सुती कपड्यांबरोबर टाकू नका, त्यांचे तंतू चिकटतात, आणि फॅब्रिक सॉफ्टनर तर नकोच, मायक्रोफायबरची मळ उचलायची ताकदच जाते. मी एकदा सहा फडक्यांची अशी वाट लावलीय.

आता हे सगळ्याला चालतं का? नाही. चिखलाचे गोळे, चाकांच्या वरती वाळलेला थर, समुद्राकाठची वाळू असं काही असेल तर मी सरळ प्रेशरने धुवून आणतो. बोट फिरवून कण खरखरले तर गाडी रिन्सलेसच्या पलीकडे गेली असं माझं साधं माप आहे (बोट पण काचेवर फिरवा, रंगावर नको!). आणि वॉटरलेस म्हणून जे मिळतं, नुसतं मारा आणि पुसा, ते वेगळं. त्यात बादलीभर पाणीच नसतं, त्यामुळे अगदी हलक्या धुळीपलीकडे मी ते वापरत नाही.

पाण्याचं म्हणाल तर पाइपातून मिनिटाला सहज 10-15 लिटर जातं, पाऊण तास नाही, नुसतं पंधरा मिनिटं चालू ठेवला तरी दीडशेच्या वर. माझी एक बादली, त्यातलंही अर्ध्याच्या आसपास उरतं, त्यात चाकं होतात. वेळ मात्र वाचत नाही हां, चाळीस-पन्नास मिनिटं जातातच.

बाबा पहिल्या दिवशी हात मागे बांधून शेजारी उभे होते. "धुतोयस की पुसतोयस?" मी म्हटलं, "बाबा, दोन्ही." "फेस कुठाय?" "फेस नसतोच यात." ते काही न बोलता गेले आणि येताना त्यांचं ते जुनं पिवळं फडकं घेऊन आले, कोरडं, आणि मी ओरडेपर्यंत डिकीवर दोनदा फिरवलं पण.

ते फडकं आता चाकांच्या ढिगात आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.