नात सांगलीच्या घड्याळावर

दुपारी साडेतीनला माझा चहा उकळत असतो आणि न्यूजर्सीहून लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे सकाळचे सहा, आठ महिन्यांची नात नुकतीच उठलेली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीही फोन बरोबर साडेतीनलाच आला. लेकीचे डोळे मात्र सुजलेले. "आई, इथे पाच वाजलेत गं!"

उन्हाळ्यासाठी पुढे केलेली घड्याळं तिकडे हिवाळ्याआधी परत मागे घेतात; त्या रात्री दोनला ती तासभर मागे गेली होती. आपल्यातलं साडेनऊ तासांचं अंतर साडेदहा झालं. पण नातीला कोण सांगणार? तिचं पोट सांगलीच्या वेळेवर!

लेकीने तयारी केली होती. बुधवारपासून रोज १५ मिनिटं उशिरा निजवलं, म्हणजे सातचे शनिवारी आठ होतात, अन् नव्या घड्याळात परत सात. पण दुपारची झोप आणि पेज जुन्याच वेळेला. तिथेच फसलं. मग तेही हळूहळू पुढे ढकललं. पहाटे जाग आली तरी पडदे बंद, दिवा नाही, नुसतं थोपटायचं. संध्याकाळी मात्र लख्ख उजेडात खेळवायचं.

"आपल्याकडेही महायुद्धात, १९४२ ते १९४५, घड्याळं तासभर पुढे होती," ह्यांनी मधेच ऐकवलं. विचारलं होतं कुणी?

आठवड्याभरात फोन साडेचारला येऊ लागला. माझी गणपतीच्या देवळात जायची वेळ नेमकी तीच. आता तिकडची घड्याळं पुन्हा पुढे होईपर्यंत, म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, गणपतीला सकाळी.