चांदरच्या घरात पाचवीचा वर्ग

जुने घर दाखवायला मुले नेली की बहुतेक शिक्षक झुंबरांपासून सुरुवात करतात. झुंबर उंचावर, हात पोचत नाही, दोन मिनिटांत मुलांचे लक्ष उडते. गोव्यात सासष्टीतल्या चांदरला मेनेझेस ब्रागांझांच्या घरी आमचा पाचवीचा वर्ग नेला, तेव्हा आम्ही भिंतीपासून सुरुवात केली.

घर सतराव्या शतकातले. बाहेरून लांबलचक एकच दर्शनी बाजू, वरच्या मजल्यावर खिडक्यांची रांग. आत मात्र दोन घरे: पूर्वेचे ब्रागांझा परेरांचे, पश्चिमेचे मेनेझेस ब्रागांझांचे. "सर, वाटणी झाली काय?" एका मुलीने लगेच विचारले. गोव्यातल्या मुलांना हे वेगळे समजवावे लागत नाही. दोन्हीकडे देणगी वेगवेगळी द्यायची असते, म्हणून पैशांची दोन पाकिटे आधीच करावीत. आणि हे राहते घर आहे, वेळ ठरवूनच जावे.

आत एका वेळी दहा-बारा मुले, जास्त नाहीत. बाकीची समोरच्या चर्चपाशी दुसऱ्या शिक्षकाकडे. दप्तरे, पाण्याच्या बाटल्या, छत्र्या बसमध्येच. सगळ्यात घातक पाठीवरचे दप्तर: मूल वळते, दप्तर मागून फिरते, आणि मागच्या टेबलावर नेमकी चिनी मातीची भांडी असतात. शौचाला मडगावातच उतरवून घ्यावे.

घरच्यांना विचारून एका मुलाने खिडकीपाशी भिंतीच्या जाडीला वीत लावली. एक पुरली नाही, दुसरी लावली. "आमचे घरही चिऱ्याचेच, पण भिंत एवढी नाही," तो म्हणाला. मग सगळ्यांनाच वीत लावायची होती, आणि तिथे मी घाई केली नाही. चिरा म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागून कडक होतो. पण पाणी पितो. म्हणून त्याला चुन्याचा गिलावा हवा. वरचे छप्पर आणि मजला पेलायला त्या काळी लोखंडी सळ्या नव्हत्या, सगळे वजन भिंतीवरच. भिंत जाड असली की दुपारचे ऊन आत पोचायला वेळ लागतो. हे त्या मुलांनी तळहात भिंतीला टेकवून पाहिले.

सोबत मी जुन्या खिडकीतली एक सुटी शिंपली नेतो. गोव्याच्या जुन्या घरांत काचेच्या जागी अशा चपट्या शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवलेल्या असत. उन्हात धरली की दुधी उजेड येतो, पलीकडचे काही दिसत नाही. कडेने धरायची, मध्ये दाबायची नाही, पापुद्रे सुटतात. खिडकीत ती सहसा आपणहून फुटत नाही, पावसाने लाकूड कुजते आणि खाच सैल होऊन ती गळते. दुरुस्ती त्यामुळे सुताराकडून सुरू होते.

पूर्वेच्या भागात नाचाचे दालन आहे, पोर्तुगालचा राजा दों लुईस याने भेट दिलेल्या खुर्च्या आहेत. मुले पाहतात, पुढे जातात. पश्चिमेच्या ग्रंथालयाला मात्र जास्त वेळ ठेवा. पुस्तके सुमारे 5000. याच घराण्यातले लुईस मेनेझेस ब्रागांझा (1878–1938) याच गावात जन्मले. 1900 साली सुरू झालेल्या 'ओ हेराल्डो' या दैनिकाच्या संस्थापकांत ते होते, आणि 1930 साली त्यांनी विधिमंडळात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला, तोही पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारचा वसाहतींविषयीचा कायदा येत असताना. पणजीतल्या संस्थेवर हेच नाव आहे, असे सांगितल्यावर चार-पाच हात वर झाले. तिथे चित्रकलेच्या स्पर्धेला गेलेली मुले होती ती.

कपाटांना हात लावू नये, एवढे सांगून भागत नाही, कारण सांगावे. आपल्याकडच्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, कसर लागते, वाळवी भिंतीतून चढते. घामट बोटांनी पान मऊ पडते. कारण कळले तेव्हा मुलांनी हात आपणच पाठीमागे बांधले. दोन्ही भाग एकाच दिवशी पाहायचे असतील तर पूर्वेचा आधी घ्या आणि मध्ये खाऊची सुट्टी द्या, कारण ग्रंथालयात भुकेली मुले काही ऐकत नाहीत.