काकांची वही आणि माझी कॅप

ठाण्यात वागळेला माझं छोटं गॅरेज आहे. लुईसवाडीच्या एका काकांची मारुती ८०० माझ्याकडेच येते, २००८ चं मॉडेल, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. २०२३ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा सगळे म्हणाले स्क्रॅपला द्या, काकांनी आरटीओत उभं राहून पाच वर्षांसाठी आरसी रिन्यू करून आणली. पोस्टातून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे डॅशबोर्डच्या खणात एक वही, आणि वहीत सगळं. पेट्रोल किती, हवा कधी भरली, ऑइल कधी बदललं, आणि दर रविवारी सकाळी कूलंटच्या बाटलीत पाणी कुठपर्यंत. अशी गिऱ्हाईकं आम्हाला थोडी डोक्याला ताप वाटतात, खोटं कशाला बोला.

मे महिन्यातला रविवार. साडेअकराला फोन, अरे गायमुखला गाडी बंद पडलीय, तू ये. दोघं वसईला साखरपुड्याला चाललेले. गायमुखचा घाट रविवारी पण कंटेनरने जाम, फर्स्ट गिअरमधे दहा फूट जायचं आणि थांबायचं. मी स्कूटरवर टूलची बॅग टाकून निघालो, मानपाड्यापासूनच वाट लागलेली, पोचलो तेव्हा काकू साडी सावरत कठड्यापाशी सावलीत उभ्या आणि काका बोनेट उघडून.

काय झालं विचारलं तर म्हणाले इंजिन आधी ओढेना, मग खडखड आवाज यायला लागला म्हणजे नॉकिंग, आणि एक करपल्यासारखा वास, लगेच बंद केली. मी म्हटलं टेंपरेचरचा काटा? म्हणाले काटा तर निम्म्याच्या खाली, उलट आज जरा जास्तच खाली होता. बाटली बघितली, काठापर्यंत हिरवंगार कूलंट. मी चक्रावलो. काटा थंड, बाटली फुल, आणि बोनेटमधून मात्र तवा तापल्यासारखी धग.

एक टोचनवाला थांबला, हात लावून बघितलं पण नाही, म्हणाला काका हेड गेलं, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, दहा-बारा हजार धरून चाला. एक रिक्षावाला म्हणे कॅप काढा आणि पाणी ओता. दोघांना पण हात जोडले. तापलेल्या इंजिनची कॅप उघडली तर तोंडावर वाफ येते ते वेगळंच, पण ॲल्युमिनियमच्या गरम हेडवर एकदम गार पाणी पडलं तर वाचलेलं हेड पण वाकडं व्हायचं. पाऊण तास नुसते बसलो. काकूंनी साखरपुड्याच्या पिशवीतले लाडू काढले, मग काकांनी त्यांना रोखलं, अगं मोजून घेतलेत.

इंजिन निवलं तेव्हा फडक्याने कॅप काढली, रेडिएटरमधे बोट घातलं, कोरडा! तीन बाटल्या पाणी प्यायलं ते. मग काट्याचं कोडं सुटलं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो, पाणी उतरून तो हवेत लटकला की इंजिन भाजत असलं तरी काटा खाली. आणि फॅन पण पाण्यातल्याच सेन्सरच्या निरोपावर चालतो, म्हणून तो पण फिरला नाही.

पण बाटली फुल असताना रेडिएटर कोरडा कसा? मला तेव्हा पण हेडच वाटत होतं, उगाच शहाणपणा सांगत नाही. डिपस्टिक काढली, ऑइल काळं पण साफ, हेड गेलं आणि त्यात पाणी मिसळलं की चहावर साय येते तसं होतं, तसं काही नाही. स्टार्ट करून रेडिएटरमधे बघितलं, बुडबुडे नाहीत. तरी टोचन करून गॅरेजलाच नेली. काका-काकू रिक्षाने पुढे गेले आणि जाताना काका वही माझ्या हातात देऊन गेले.

संध्याकाळी कॉम्प्रेशन काढलं, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते मोजलं, तिन्ही सिलिंडर दीडशे पीएसआयच्या आसपास, एकमेकांना धरून. म्हणजे हेड वाचलं, वेळेत चावी फिरवली म्हणून वाचलं. मग वॉटर पंपाखालच्या बारीक भोकाशी हिरवट पावडर सुकलेली दिसली. म्हणजे पंप झिरपतोय, गरम असतानाच, म्हणून खाली फरशीवर कधी डाग नाही.

चहा घेत वही उघडली. जानेवारीपर्यंत दर दोन-तीन आठवड्यांनी एक नोंद, 'कूलंट अर्धा कप घातले'. फेब्रुवारीत सर्व्हिसिंग, त्यात 'रेडिएटर कॅप नवीन'. आणि त्यानंतर प्रत्येक रविवारी 'पातळी ठीक', एकदा तर 'नवीन कॅपने पाणी खाणे बंद!' असं उद्गारचिन्ह देऊन. चहा तिथेच राहिला.

ती कॅप मी लावलेली. रेडिएटरच्या कॅपला दोन वॉल्व असतात. मोठ्या स्प्रिंगचा प्रेशर धरतो, कॅपवर ०.९ लिहिलेलं असतं ते त्याचंच, तेवढं प्रेशर राहिलं तर साधं पाणी पण ११८ डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. मधला छोटा वॉल्व उलटा, इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत आत ओढून घ्यायला. मी लावलेली लोकल कॅप, शे-सव्वाशे वाचवायला, तिचा मधला वॉल्व चिकटलेला, नखाने पण उचलेना. पंप आधीपासून झिरपत होता, पण तेव्हा बाटली ते भरून काढत होती. माझ्या कॅपने बाटलीचा रस्ताच बंद केला, रेडिएटर तीन महिने थोडा थोडा रिकामा होत गेला आणि बाटली मात्र जशीच्या तशी. पाणी खाणं बंद नव्हतं झालं, दिसणं बंद झालं होतं.

अजून एक ओळ होती, एप्रिलमधली. 'सकाळी वरचा पाइप चेपलेला दिसला. विचारणे.' विचारलं होतं त्यांनी, फोनवर. मी म्हटलं होतं जुना झालाय काका, पुढच्या वेळी बदलू. तो व्हॅक्यूमने आत ओढला जात होता, आणि ते न बघता सांगता आलं पाहिजे होतं मला.

पंप, ओरिजिनल कॅप, वरचा पाइप, आणि सिस्टम धुवून नवीन कूलंट. आमचा पोरगा म्हणाला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व, तो पण काढून टाकू, आपल्याकडे काय बर्फ पडतो का. हे वाक्य ठाण्यातल्या निम्म्या गॅरेजमधे ऐकू येतं आणि माझं डोकं फिरतं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायलाच वेळ लागतो, तोवर पेट्रोल जास्त जातं, ते सिलिंडरवरून उतरून ऑइल पातळ करतं. गरम पाण्यात सोडून तपासला, वेळेवर उघडत होता, परत बसवला.

मंगळवारी काका आले. कॅप दाखवली, माझ्यामुळे झालं म्हणून सांगितलं, मजुरी नको म्हटलं. त्यांनी पंपाचे आणि पाइपचे पैसे मोजून ठेवले, कॅपचे नाही. मग वही काढून उभ्या उभ्या लिहिलं, 'दर रविवारी रेडिएटर कॅप काढून बघणे, गाडी थंड असताना', आणि 'थंड' खाली दोन रेघा मारल्या.

काकू गाडीतच बसून होत्या. साखरपुड्याला पोचेपर्यंत बासुंदी संपली होती, हे त्या मला अजून ऐकवतात.