चढताना की उतरताना

दुबईत लोकांच्या घरच्या समुद्री मासे-प्रवाळांच्या टाक्या सांभाळायला लागून मला चौदा वर्षं झाली. ऑगस्ट आमचा सगळ्यात वाईट महिना. बाहेर बेचाळीस डिग्री, घरात एसी चोवीस तास, खिडक्यादारं बंद. टाकीचं पाणी गार ठेवणारे चिलर बंद पडतात ते सगळ्यांना कळतं. कोंडलेली हवा कोणाला दिसत नाही.

मरीनातल्या एका फ्लॅटमधून मराठी मुलाचा फोन आला. "दादा, अक्रोपोराची टोकं पांढरी पडलीत, आज येऊन जाल का?" अक्रोपोरा म्हणजे फांद्याफांद्यांचं प्रवाळ. दीड महिना मी तिकडे गेलो नव्हतो. बायकोचं बाळंतपण होतं, दोन्हीकडचे आईवडील आलेले, म्हणून त्यानेच येऊ नका म्हटलं होतं.

टाकी साडेचारशे लिटरची. मधोमध जांभळं अक्रोपोरा, बोटभर तुकड्यापासून चार वर्षांत ताटाएवढं झालेलं. जवळपास प्रत्येक फांदीचं टोक खडूसारखं पांढरं होतं. रिटर्न पंप उघडला तर आतल्या पंख्यावर चुन्याचा खरखरीत थर. तिथेच मला अंदाज आला. केएचची, म्हणजे पाण्याच्या आल्कलिनिटीची (आम्ल पेलायच्या ताकदीची) टेस्ट घेतली. सिरिंजमधून थेंब सोडत जायचं आणि निळसर हिरव्याचं नारिंगी-गुलाबी होईल तिथे थांबायचं. नेहमी अर्ध्या सिरिंजच्या आसपास रंग बदलतो, त्या दिवशी सिरिंज जवळजवळ रिकामी झाली तरी बदलेना. शेवटी आकडा निघाला १४.३ डिग्री केएच. माझ्या हाताखाली ती टाकी कायम ८ च्या आसपास असायची. कॅल्शियम ४२० वरून ३५० वर आलेलं. आणि पीएच? ७.८.

मुलाचे वडील शेजारी वही घेऊन उभे होते. कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात तीस वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस. मुलाला वेळ नव्हता म्हणून टाकीचं काम काकांनी अंगावर घेतलं होतं. वहीत रोजची तारीख, सकाळचा पीएच, बफरचे (आल्कलिनिटी वाढवणाऱ्या पावडरीचे) किती चमचे, सगळं सुबक अक्षरात. पीएच खाली दिसला म्हणून दुकानातल्या पोराने बफरचा डबा विकला होता, '८.३ येईपर्यंत टाकत राहा' असं सांगून. असं सांगणाऱ्याच्या हातात डबा देऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. टाकीत किती माणसांचा श्वास विरघळतोय, हे त्याने विचारलंच नाही.

काकांना तोंडी सांगण्यापेक्षा करून दाखवावं म्हणून टाकीचं पाणी दोन ग्लासांत घेतलं. दोन्हींत छोट्या पंपाने हवेचे बुडबुडे सोडले, एक ग्लास हॉलमध्ये, दुसरा बाल्कनीत. तासाभराने बाल्कनीतला आत आणून थंड होऊ दिला आणि मीटर बुडवला. हॉलमधला ७.८. बाल्कनीतला ८.३५. पाणी तेच, फक्त हवा वेगळी. मग माझा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर टाकीच्या कपाटावर ठेवला. १,९०० पीपीएम. मोकळ्या हवेत सव्वाचारशेच्या आसपास असतो. सहा मोठी माणसं आणि एक तान्हं बाळ त्याच हवेत होतं.

काका ग्लासाकडे बघत म्हणाले, "चुन्याची निवळी फुंकून दुधाळ करतो, तसंच की हे." अगदी तसंच. बफरने आल्कलिनिटी चढते आणि चढलेली राहते. पीएच जरा वर येतो आणि खोलीतला कार्बन डायऑक्साइड त्याला परत खाली खेचतो. आकडा हलेना म्हणून काका चमचे वाढवत गेले. "म्हणजे मी आजार सोडून थर्मामीटरलाच औषध देत होतो," ते म्हणाले. मुलगा काही बोलला नाही. उठून त्याने बाल्कनीचं दार उघडलं. आत गरम, दमट हवेचा लोट आला, तरी कोणी ते बंद केलं नाही.

हवेचा इलाज सोपा होता. स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी भिंतीला भोक पाडून बाहेर काढायची होती, पण बिल्डिंगवाले परवानगी देत नाहीत. म्हणून नळीला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणाऱ्या सोडा लाइमचा डबा लावला. भूल द्यायच्या मशीनमध्ये असतात तेच पांढरे दाणे, संपत आले की जांभळे पडतात. तीन दिवसांत पीएच ८.०५, तेही बफरचा एक कण न टाकता.

आल्कलिनिटी उतरवणं मात्र सोपं नव्हतं. दिवसाला अर्धा-पाऊण डिग्रीपेक्षा जास्त उतरवायची नाही, हा माझा नियम. रोज दहा टक्के पाणी बदलायला घेतलं. पहिल्या दिवशी १३.७, दुसऱ्या दिवशी १३.१. इथवर ठीक. पण ३५० चं कॅल्शियम बघून मला राहवलं नाही आणि दुसऱ्याच संध्याकाळी मी कॅल्शियम क्लोराइड टाकलं. थोडंच, ३९० पर्यंत जाईल इतकं. इतक्या चढ्या आल्कलिनिटीत कॅल्शियम टाकलं तर दोन्ही मिळून चुना होऊन खाली बसतात, हे मला ठाऊक होतं. नवख्या पोरांना मीच शिकवतो. सकाळी पाणी धुक्यासारखं होतं आणि केएच ११.७. एका रात्रीत १.४ ची घसरण.

त्याच दिवशी दुपारी अक्रोपोराच्या बुंध्याजवळची कातडी सुटायला लागली. ओल्या टिश्यू पेपरसारखी, पाण्याच्या प्रवाहात हलत. वरच्या चार फांद्या तोडून वेगळ्या लावल्या, त्यातली एकच जगली. बाकीचा सांगाडा अजून टाकीत आहे. मुलाने काढू दिला नाही.

टोकं बफरनेच जळली होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण बुंध्यापासून कातडी सुटणं वेगळं. आधीच कमकुवत झालेलं ते कदाचित कसंही गेलं असतं. कदाचित मी त्या संध्याकाळी हात आवरला असता तर राहिलं असतं.

काका गावी परतले. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, बाळाचं बोलून झाल्यावर टाकीवर आले. त्यांनी वहीतले माझे त्या तीन दिवसांचे आकडे बघितले होते. लॅबचा माणूस, १३.१ नंतर ११.७ कसं, हे त्यांच्या नजरेतून सुटणार नव्हतं.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "ते चढताना गेलं, की उतरताना?"

मी त्यांना कॅल्शियमचं सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लिहून ठेवतो."